आखूड फळी

मैत्रिणींनो, शिरपूर जैनला समुद्र कुठला! मी पोहायला शिकले ती माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. लग्नानंतर चौदा वर्षं पाण्यात उतरले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला, आश्वेमच्या किनाऱ्यावर, भाचीनं मला फळीवर उभं केलं अन् हाती वल्हं दिलं. पायाला फळीची दोरी, अंगात लाइफ जॅकेट.

अकरा फुटी फळी पाटासारखी, निवांत उभं राहा. मग तिनं नऊ फुटी दिली. ती डुगडुगते, पण लाटेवर चटकन वळते. लांब फळी लाट लवकर पकडते; आखूड फळीवर लाट फुटायच्या बेतात येईपर्यंत थांबायचं, चार-पाच वेळा जोरात वल्हं मारायचं आणि लाटेनं उचललं की एक पाय मागे घ्यायचा.

चार वेळा पडले. तुम्ही हसाल, पण दर वेळी माझं लक्ष किनाऱ्यावर बसलेल्या सासूबाईंकडे!

"मामी, माणसं नको बघू, लाट बघ!" भाची ओरडली.

पाचव्यांदा लाटेनं मला गुडघाभर पाण्यापर्यंत अलगद आणलं. सासूबाई पुढे आल्या. हळूच म्हणाल्या, "त्या मोठ्या फळीवर मला नुसतं बसता येईल का गं?"