आपण टापटिपीचे आहात काय?

काही प्रश्न दिसावयास अगदी साधे असतात. परंतु परक्या भाषेत, अनोळखी माणसासमोर आणि घड्याळाच्या काट्याकडे पाहत त्यांचे उत्तर द्यावयाचे म्हटले, की त्यांच्याइतके अवघड दुसरे काही वाटत नाही. ‘आपण टापटिपीचे आहात काय?’ हा अशांपैकीच एक प्रश्न. इतिहासातील सन आठवला नाही, तर तो पाठ नव्हता असे तरी म्हणता येते. आपण टापटिपीचे आहोत की नाही, हे मात्र प्रत्येकास ठाऊक असते. आणि त्यास नसले तरी त्याच्या आईस ते खासच ठाऊक असते!

आमच्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानी पडू लागला आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांतून शिकलेली मुलेमुली पुढे परिचारिका होतात, अभियंते होतात. आणि परदेशी जावयाचे ठरले, की हैदराबादेस किंवा पुण्यास जाऊन इंग्रजीची परीक्षा देतात. १९८९ साली सुरू झालेली ‘आयेल्ट्स’ ही त्यांतील सुपरिचित परीक्षा. तिच्या संभाषणाच्या भागात परीक्षक आणि उमेदवार ११ ते १४ मिनिटे बोलतात. पहिली चार-पाच मिनिटे घर, गाव, शिक्षण, सवयी यांविषयी साधे प्रश्न असतात. मग एका कार्डावर विषय लिहून देतात. विचार करावयास १ मिनिट आणि बोलावयास १ ते २ मिनिटे मिळतात. शेवटी त्याच विषयावर थोडी खोलवर चर्चा होते. टापटीप हा विषय या सर्व भागांत शोभण्याजोगा आहे, कारण तो सर्वांच्या घरी आहे.

या परीक्षेत गुण चार गोष्टींना असतात: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उमेदवार खरे बोलला की खोटे, याला त्या चार रकान्यांत जागा नाही. आपले अंथरूण खरोखर घडी केलेले आहे काय, हे पाहावयास परीक्षक काही घरी येत नाहीत! तेव्हा पुष्कळ मुले सोपा मार्ग धरतात. कोणीतरी लिहून दिलेले छानसे उत्तर ती पाठ करतात. ‘मी अत्यंत टापटिपीचा मनुष्य आहे, माझी खोली सदैव नीटनेटकी असते, टापटिपीने मन प्रसन्न राहते,’ अशी ती गुळगुळीत वाक्ये असतात. अशा उत्तरांतील खोली सर्वांची एकच असते. तीत एक खिडकी, एक टेबल आणि एक कपाट असते, आणि ती दर रविवारी आवरली जाते. पाठ केलेले उत्तर ओळखण्याची सवय परीक्षकांस असते. आणि त्यांनी ‘शेवटचे केव्हा आवरलेत?’ एवढेच विचारले, तरी ते कागदी घर कोसळते.

आम्ही वरच्या वर्गांतील मुलांकडून मधल्या सुट्टीत अशा संभाषणाचा सराव करून घेत असतो. एकदा नववीतील एका मुलास आम्ही इंग्रजीतून विचारले, ‘तुझी खोली नीटनेटकी आहे का?’ त्याने एका दमात ती पाठातली खोली आमच्यापुढे उभी केली. आम्ही सहज विचारले, ‘कपाटाला कप्पे किती?’ मुलगा थबकला. मग मान खाली घालून मराठीत म्हणाला, ‘सर, आमच्या घरात खोली एकच आहे. पाच माणसं राहतो. माझं असं कपाट नाही.’

‘मग पुस्तकं कुठं ठेवतोस?’

‘कोनाड्यात. वर आजोबांची औषधं, खाली माझी पुस्तकं. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून मागं रिकामं पोतं घडी करून लावतो. उंदीर कुरतडतात, म्हणून वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो.’

‘हेच इंग्रजीत सांग बरे,’ आम्ही म्हणालो.

तो चाचरत बोलू लागला. कोनाड्यास इंग्रजी शब्द त्याला येत नव्हता. तेव्हा ‘भिंतीतली लहानशी जागा’ अशा अर्थाचे शब्द त्याने जुळविले. ओल, पोते, उंदीर, पेटी एकामागून एक आली. दोन ठिकाणी व्याकरण अडखळले, पण सांगणे थांबले नाही. शब्द आठवेना तेव्हा तीच वस्तू दुसऱ्या शब्दांत सांगणे, हे कौशल्य शब्दसंपत्तीच्या गुणांत धरले जाते, हे त्याला ठाऊक नव्हते. तो आपोआपच ते करून गेला.

त्या मुलाला लाज वाटली ती इंग्रजी येत नाही याची नव्हे. आपल्याला खोली नाही, याची. प्रश्नातच खोली गृहीत धरलेली होती. पण ज्याच्याजवळ जागा थोडी, त्यालाच टापटीप अधिक लागते! मोठ्या वाड्यात चार वस्तू इकडच्या तिकडे पडल्या तरी चालते. जेथे पाच माणसे एका खोलीत निजतात, तेथे पहाटे वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात रचल्याखेरीज चुलीपुढे बसावयास जागाच होत नाही. आपल्या जुन्या घरांतील उतरंड, फडताळ, कपड्यांची दांडी, खुंटी या सर्वांनी थोड्या जागेत पुष्कळ संसार बसविला. अवघ्या महाराष्ट्रातील घरे आणि शाळा ज्या शहाबादी फरशीवर उभ्या राहिल्या, ती फरशी आमच्याच कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादेची. तिच्यावरून रोज ओले फडके फिरविणाऱ्या माणसाजवळ टापटिपीवर बोलण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणेल?

आता थोडे शब्दांविषयी. आमच्याकडील मुले ‘क्लीन’ आणि ‘टायडी’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. परंतु स्वच्छ असणे निराळे आणि नीटनेटके असणे निराळे. लखलखीत पुसलेल्या फरशीवर पुस्तके विखुरलेली असू शकतात. आणि एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर बोटभर धूळही असू शकते. ‘टायडी’ हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘काळ’ असा होता. ‘टायडी’ म्हणजे मुळात ‘वेळेवरचा’. ‘सगळे वेळच्या वेळी आणि जागच्या जागी असावे,’ असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा नकळत त्या शब्दाचे दोन्ही अर्थ सांगून मोकळी होतात! शिवाय आमचा प्रदेश अनेक भाषांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तालुके तीन राज्यांत वाटले गेले. पण अंगणातल्या भाषा काही वाटल्या गेल्या नाहीत. आपण टापटीप म्हणतो, कानडी शेजारीण ‘अच्चुकट्टु’ म्हणते, उर्दू बोलणारे शिंपीदादा ‘सलीका’ म्हणतात. ज्या मुलाने एकच गोष्ट तीन नावांनी ऐकली आहे, त्याने चौथ्या नावास भिण्याचे कारण काय?

व्याकरणाचेही तसेच आहे. सवय सांगताना आमची मुले ‘आय अॅम कीपिंग’ असे म्हणतात. तेथे ‘आय कीप’ हवे. वस्तुतः मराठी हा भेद बिनचूक जाणते. ‘मी पुस्तके जागेवर ठेवतो’ ही सवय झाली. ‘मी पुस्तके जागेवर ठेवीत आहे’ ही या क्षणाची हालचाल झाली. लहानपणीची सवय सांगण्यास इंग्रजीत ‘यूझ्ड टू’ लागते. आपल्याकडे त्यासाठी ‘मी ठेवीत असे’ हे सुरेख रूप पूर्वीपासून आहे. म्हणून आम्ही मुलांस सांगतो, की आधी स्वतःशी शुद्ध मराठीत बोला. मराठी घसरली, की तिच्यामागून इंग्रजीही घसरते.

पण सरावाच्या वेळी आम्हास सर्वांत विचार करावयास लावले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. टापटिपीवर बोलताना मुलगे विशेषणे वापरतात आणि मुली क्रियापदे! मुलगा म्हणतो, ‘आमचे घर फार स्वच्छ, सुंदर, नीटनेटके आहे.’ झाले, त्यापुढे त्याला वाक्य सुचत नाही. मुलगी सांगते, ‘मी सकाळी अंथरुणे घडी करते, अंगण झाडते, भांडी पुसून मांडते, वाळलेले कपडे काढते, भावाची पुस्तके उचलून ठेवते.’ तिला फोल्ड, स्वीप, वाइप, पुट अवे असे शब्द लागोपाठ लागतात आणि ती ते विचारून घेते. वर्गात इंग्रजीचे गुण कोणास अधिक, हा प्रश्न येथे नसतो. ज्याने काम केले त्याच्याजवळ क्रियापदे असतात. ज्याने केलेले नुसते पाहिले, त्याच्याजवळ विशेषणे.

लेखात स्वतःस ‘आम्ही’ म्हणण्याची जुनी रीत आम्हीही येथे पाळली आहे. परंतु ‘आम्ही घर स्वच्छ ठेवतो’ असे जेव्हा एखादा मुलगा परीक्षेत सांगतो, तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण कोण आहे? वाकून केर काढणारी आई त्या शब्दाआड उभी असते, आणि शाळेतून येताच दप्तर भिरकावणारा चिरंजीवही त्याच शब्दात मानाने बसलेला असतो! परीक्षक मात्र ‘तुम्ही स्वतः काय करता?’ असे विचारतात. इंग्रजीतील त्या छोट्याशा ‘आय’ने आमच्या घरांतील एक जुनी गोष्ट उजेडात आणली, हा त्या परीक्षेचा आमच्यावर उपकारच म्हणावयाचा.

थोरांनी ही गोष्ट आधीच ओळखली होती. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेस वाहिला आहे. सुवाच्य लिहा, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. अक्षर, ओळी, लेखणी, कागद यांपाशी बारकाईने थांबून ते सांगत गेले. १९५६ साली दिवंगत झालेले गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. स्वच्छतेवर बोलण्याचा त्यांचा अधिकार त्या खराट्यातून आलेला होता. आणि म्हणूनच त्यांचे साधे बोल लोकांच्या अंतःकरणास जाऊन भिडले.

आमच्या बीदरचे बिद्री काम पाहा. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे ओतावयाचे, घासावयाचे, त्यावर नक्षी कोरावयाची, कोरलेल्या रेषांत चांदीची तार बसवावयाची आणि अखेरीस किल्ल्यातील माती व नवसागर यांनी ते काळे करावयाचे. मग चांदी तेवढी पांढरी उठून दिसते. यातील एक पायरी पुढेमागे झाली तर काम बिघडते. बोलण्याचेही असेच आहे. चार गुणांतील पहिला गुण ज्या सुसंगतीचा, ती म्हणजे बोलण्यातील टापटीपच होय. जे ज्या क्रमाने हातून घडते, ते त्याच क्रमाने सांगितले, की सुसंगती वेगळी आणावी लागत नाही. कार्ड हाती पडल्यावर मिळणाऱ्या त्या एका मिनिटात सुंदर शब्द शोधीत बसू नये. आपल्या हातांनी काय काय केले, ते आठवावे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या परीक्षेची तयारी आज घरीच सुरू करता येईल. रोज एक काम आपले म्हणून धरा. स्वतःचे अंथरूण असो, जेवलेले ताट असो, दप्तर असो. ते पुरे झाले, की काय केले ते मोठ्याने मराठीत सांगा आणि मग इंग्रजीत सांगा. आठवड्यास सात कामे आणि सात क्रियापदे जमतील. काही महिन्यांनी कोणी तुम्हास तो प्रश्न विचारील, तेव्हा तुमचे घर मोठे की लहान, भिंतीत कपाट की कोनाडा, याचा संकोच वाटणार नाही. आणि ती परीक्षा देण्याचा योग कोणास आलाच नाही, तरी बिघडले काय? घरातील आईच्या हातचा केर तेवढा हलका झालेला असेल.