कोपराचा धडा

अवयव निकोप असतात तोंवर त्यांची आठवण आपणांस होत नाहीं. मला उजवें कोपर आहे, हें गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेचे पेपर तपासतांना प्रथम कळलें. कोपराच्या बाहेरच्या अंगास जो हाडाचा उंचवटा असतो, त्यावर टोचल्यासारखें होऊं लागलें. आठवड्याभरांत फळ्यावर ओळ लिहितांना हात थरथरूं लागला आणि चहाचा पेला उचलतांना कळ थेट मनगटापर्यंत जाऊं लागली. डॉक्टरांनीं तपासून "टेनिस एल्बो" असें नांव सांगितलें, तेव्हां मला हसूंच आलें. जालन्याच्या ह्या शिक्षकानें जन्मांत टेनिसची रॅकेट हातीं धरली नव्हती!

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, नांव खेळावरून पडलें, पण हें दुखणें खेळाडूंपेक्षां कष्टकऱ्यांनाच अधिक गांठतें." १८७३ सालीं रुंगे ह्या जर्मन वैद्यानें त्याचें वर्णन केलें, तेंही लेखनानें हात दुखणाऱ्यांच्या संदर्भांत, टेनिसचें नांव पुढें दहा वर्षांच्या आंत इंग्लंडांत चिकटलें. आपण मूठ आवळतों तेव्हां बोटें आंत वळतात खरीं, पण मनगट स्थिर राखण्याचें काम हाताच्या पाठीकडील स्नायू करतात. हे स्नायू दोरीसारख्या बळकट कंडरेनें कोपराच्या बाहेरील हाडाशीं बांधलेले असतात. तोच ताण सहस्रावधि वेळां पडला, म्हणजे त्या कंडरेचे तंतू झिजतात. आणि झीज भरून येण्यास वेळ मिळाला नाहीं, म्हणजे वेदना मुक्कामास येते. वयाच्या ३५ ते ५५ वर्षांच्या दरम्यान ती विशेष आढळते.

विद्यार्थ्यांना क्रिकेटचें उदाहरण अधिक पटेल. सचिन तेंडुलकर ह्यांना २००४ सालीं हेंच दुखणें जडलें. मे २००५ मध्यें लंडनला त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नागपुरास श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून ते मैदानावर परतले. मात्र शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच येते. बहुतेकांचें दुखणें वर्षा-दीड वर्षांत आपोआप ओसरतें.

पण इतका धीर कोणास असतो? मीं इंजेक्शनाचा विषय काढला. डॉक्टरांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, स्टेरॉइडच्या इंजेक्शनानें कांहीं आठवडे आराम पडतो, पण वर्षअखेरीस तें घेतलेल्यांची स्थिति न घेतलेल्यांहून बहुधा वाईटच आढळते. मग पुण्याच्या भाच्यानें कायरोप्रॅक्टिक उपचार सुचविला व मोबाइलवर चित्रफिती धाडल्या. त्यांत मान आणि पाठ कडकड वाजे व रोगी हसत उठे. आपल्या खेड्यांतील हाडवैद्याचीच ही परदेशी भावकी असावी, असें मला वाटलें. ह्या विद्येचा आरंभ १८९५ सालीं अमेरिकेंतील डॅव्हनपोर्ट येथें डी. डी. पामर ह्यांनीं केला. मणके जागचे हलल्यानें बहुतेक रोग उद्भवतात, हें त्यांचें मत. तें विज्ञानाच्या कसोटीस उतरलें नाहीं. तो कडकड आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यांतील द्रवांत वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो. तरी हातानें सांध्यास चालना देणें अगदींच निरर्थक नाहीं. कोपराची व मनगटाची अशी हाताळणी व्यायामाच्या जोडीस दिल्यास कांहीं काळ वेदना कमी होते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. केवळ तिनें दुखणें बरें होतें, हें मात्र सिद्ध नाहीं. आणि मानेस झटका देण्यांत तर क्वचित् रक्तवाहिनी फाटून पक्षाघाताचें भय असतें. कोपरासाठीं तें कां पत्करावें? मीं जालन्यांतच फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंकडे जाण्याचें ठरविलें.

बाईंनीं उपाय सांगितला तो अगदीं साधा. हात मेजावर पालथा ठेवून पंजा काठाबाहेर काढावयाचा, मुठींत पाण्याची लहान बाटली धरावयाची, दुसऱ्या हाताच्या मदतीनें ती वर न्यावयाची आणि मग हळूहळू खालीं सोडावयाची. "हात बांधून ठेवूं नका. ओझें कमी करा, पण काम देत राहा," हें त्यांचें सूत्र.

दिवाळीच्या सुटींत मी भोकरदन तालुक्यांतील आमच्या गांवीं गेलों. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. ओसरीवर माझी बाटली वरखालीं होत असतां आई रानांतून आली. सारी हकीकत ऐकून तिनें आपलें उजवें कोपर पुढें केलें. "माझा बी हात हितंच दुखतो रं. चार सालं झालीं."

मीं तिच्या कोपरावरील त्या उंचवट्यावर बोट टेकलें, तों तिनें चटकन् हात मागें घेतला. तीच जागा, तीच कळ. चार वर्षें त्याच हातानें ती कापूस वेचीत होती, लुगडीं पिळीत होती, भाकरी थापीत होती. "आतां वय झालें," असें आम्ही तिला सांगत आलों, आणि सांगणाऱ्यांत पहिला मीच होतों. माझें कोपर दुखलें तेव्हां मीं आठवड्यांत डॉक्टर गांठला. तिचें दुखलें तेव्हां नुसता एक शब्द तिच्या ओंजळींत टाकला.

सुटी संपतांना मीं तिला जालन्यास आणलें. बाईंनीं तोच व्यायाम सांगितला. बाटली पाहून आई म्हणाली, "तांब्या चालंल का?" तांब्या चालला. गांवीं लुगडीं पिळण्याचें काम धाकट्या भावानें आपल्याकडे घेतलें. तिची कळ आज पुरती गेलेली नाहीं. पण भाकरी थापतांना मध्येंच थांबून डाव्या हातानें कोपर दाबणें तिनें सोडलें आहे.

मुलांनो, आज घरीं जाल तेव्हां आईस विचारा, "तुझा हात कोठें दुखतो?" ती "कांहीं नाहीं" म्हणाली, तर पुन्हां एकदां विचारा.