चढाओढीबद्दलचं माझं मत

सरकारांची आपसांत चढाओढ लागली की तिजोरी रिकामी होते, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत असे. कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत राहून तसं वाटणं साहजिकच होतं. गाव पुणे-हैदराबाद महामार्गावर. पूर्वेला झहीराबाद म्हणजे तेलंगणा, पश्चिमेला उमरगा म्हणजे महाराष्ट्र. तेलंगणानं 2018 मध्ये रयतु बंधू योजना आणून शेतकऱ्यांना एकरी हंगामाला 4,000 रुपये दिले आणि इकडं पारावर हिशेब सुरू झाले. 2023च्या जूनमध्ये कर्नाटकानं बायकांना बस फुकट केली, डिसेंबरात तेलंगणानं. त्याच वर्षी ऑगस्टात आमच्याकडं गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 आले, पुढल्या वर्षी महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे 1,500. मी याला लिलाव म्हणायचो.

मत पालटलं ते जतमुळं. सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्यातली सीमेवरची गावं वर्षानुवर्षं पाणी मागत होती; वैतागून कर्नाटकात जायचे ठरावही करून बसली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याच ठरावांच्या आधारानं जतवर दावा सांगितला, आणि विस्तारित म्हैसाळ पाणी योजनेची सुमारे 2,000 कोटींची फाइल मुंबईत धावू लागली. एवढ्या वर्षांच्या अर्जांना जे जमलं नव्हतं!

चार्ल्स टीबू या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1956 सालीच (आमचा बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला तेही हेच साल) मांडलं होतं की लोक चांगल्या सोयी बघून गाव बदलतात, आणि त्यातून कुठं किती खर्च व्हावा ते ठरत जातं. मला ते पुस्तकी वाटे. तुरीचं रान डोक्यावर घेऊन कोण झहीराबादला जाणार? पण जतमध्येही कुणी घर हलवलं नव्हतं. शेजाऱ्याकडं बोट दाखवणं पुरलं.

तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. शेजाऱ्याची नक्कल करताना त्याची खोटही उचलली जाते. रयतु बंधूचा पैसा जमीन ज्याच्या नावावर त्याला गेला, बटईनं कसणारा कोरडा राहिला. महाराष्ट्राची 2023ची नमो शेतकरी योजनाही त्याच वाटेनं गेली.

आणि ही सगळी राज्यांची चढाओढ. आमच्या पंचायती कशाच्या जोरावर उतरणार? पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के 2021 ते 2026 या काळात पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते. शेजारच्या पंचायतीनं तुरीसाठी गोदाम बांधलं, आपणही बांधू म्हटलं, तर पंचायत विकास अधिकारी (पीडीओ) आधी विचारणार, कुठल्या हेडखाली?