पूरक, कुंभक आणि पाटीवरची पेन्सिल

मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकविताना पूरक, कुंभक आणि रेचक हे तीन शब्द आपल्या घरांतून अजूनही कानी पडतात. श्वास आत घ्यावा, क्षणभर धरावा आणि मग सोडावा. इंदूर-ग्वाल्हेरकडे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनीही हे शब्द जपले आहेत. परंतु श्वासाबरोबर हवेतील धूळही आत जाते आणि तिने कोठे मुक्काम करावा हे याच तीन क्रिया ठरवितात, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत ओढतो; म्हणजे मिनिटाला ६ ते ८ लिटर. कष्टाच्या कामात हाच आकडा ३०-४० लिटरपर्यंत चढतो. मग एकटे नाक पुरेनासे होते आणि तोंड उघडते. येथेच पहिला पहारा ढिला पडतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. १० मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण नाकातील केसांत व ओलसर त्वचेवर अडकतात. तोंडाने ओढलेल्या हवेला हा अडसर नाही. पूरक वेगाचा असेल तर जड कणांना वळण घेता येत नाही. ते घशाच्या भिंतीवर आदळतात आणि खोकल्यावाटे किंवा गिळण्यावाटे निघून जातात.

खरी चिंता आहे ती बारीक कणांची. ते वळणे सहज पार करतात व थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे वाराच नसतो. कण आपल्या भाराने सावकाश खाली बसू लागतो. दगडाचा एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी अंतर उतरतो. वायुकोशाची रुंदी मिलिमीटरच्या चौथाईच्या आसपास. तेव्हा तो तळाशी टेकण्यास साधारण तीन सेकंद पुरतात. श्वास उथळ आणि झटपट असेल तर कणाला एवढी सवड मिळत नाही व तो रेचकाबरोबर परत फिरतो. दीर्घ असेल, मध्ये कुंभक असेल, तर तो तेथेच वस्तीला राहतो. दम्याचे औषध फवाऱ्याने देताना डॉक्टर "हळूहळू ओढा आणि दहा सेकंद श्वास रोखा" असे सांगतात, त्याचे मर्म हेच. औषधाला जी वाट मोकळी, ती विषालाही मोकळी!

मी भाषेचा शिक्षक. शरीरशास्त्राच्या या गोष्टी माझ्या मनात ठाण मांडून बसल्या त्या पाटीवरच्या पेन्सिलीमुळे. आपल्यापैकी अनेकांनी 'श्री' गिरविला तो दगडी पेन्सिलीने. ही पेन्सिल माळव्यातील मंदसौर येथे मोठ्या प्रमाणावर होत असे. विजेच्या करवतीवर दगड कापला जाई आणि त्याची सिलिकायुक्त धूळ कामगाराच्या तोंडासमोर उडे. या कामगारांच्या वैद्यकीय पाहणीचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस जडल्याचे तीत आढळले. त्यांत ऐन तारुण्यातील माणसेही होती. फुप्फुसातील रक्षक पेशी सिलिकाचा कण गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो, गाठी बनतात, फुप्फुस ताठर होते. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. धुळीचे काम सुटले तरी रोग पुढे सरकू शकतो.

करवतीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाला "नाकाने श्वास घे, सावकाश घे" असा उपदेश करण्यात काय अर्थ? त्याचा श्वास त्याच्या हाती नसून कामाच्या हाती असतो. तोंडाला बांधलेले फडके जाड धूळ अडविते. घातक बारीक कण त्यातून सहज निसटतात. खरा इलाज यंत्रापाशीच करावा लागतो. दगड ओला ठेवावा, नाहीतर धूळ उडते तेथूनच ती ओढून घेणारी नळी बसवावी. हे शास्त्राला अवघड नाही. त्यासाठी खर्च करण्याची इच्छा मात्र हवी.

आपल्या घरीही यातून घेण्यासारखे आहे. पाणी शिंपडून मगच केर काढावा. झाडलोट चालू असताना मुलांना प्राणायामास बसवू नये. धूळ बसल्यावर, मोकळ्या हवेत बसवावे. आणि अडगळीत जुनी पाटी सापडली, तर अक्षर गिरविण्याच्या आठवणींबरोबर नातवंडांना हेही सांगावे की, ज्या पेन्सिलीने आम्ही अक्षरे शिकलो, ती घडविताना कित्येकांचा श्वास आखडला. त्यांचे ऋण नुसत्या हळहळीने फिटणारे नाही. आपल्या गावात आजही कोठे कोरडा दगड कापला जात असेल, तर तेथे पाणी आणि नळी आहे की नाही, एवढे तरी आपण विचारावे.