खरे नाणे

तालुक्याच्या पेठेत तीन पिढ्यांचे किराणा दुकान चालवणाऱ्या एका शेठजींनी २०१८ च्या आरंभी मेथी विकणाऱ्या एका वृद्धेला दहा रुपयांची चार नाणी परत केली.

"शेटजी, सरकारचंच हाय न्हवं हे?"

"मला चालेल हो मावशी, पण पुढचा व्यापारी घेत नाही."

चहा-साखरेच्या पुड्या फळीवरच राहिल्या.

अफवेचे सारे बळ या उत्तरात होते. शेठजींना नाणे खोटे वाटत नव्हते. पुढच्यालाही बहुधा वाटत नसावे. प्रत्येकाने आपली शंका दुसऱ्याच्या नावे खतावली होती. ज्यांच्या आजोबांनी केवळ शब्दावर उधारी दिली, त्या घरात राजमुद्रेची पत उरली नव्हती.

पंधरा रेषांचे, रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे बनावट, अशी ती वदंता होती. वास्तविक ते चिन्हच २०१० साली स्वीकारले गेले; आधीच्या नाण्यांवर ते असणार कोठून? नाणी सरकारी टाकसाळीत पाडली जातात, त्यांतली एक तर मुंबईतच आहे, आणि नक्षी वेळोवेळी बदलत आली आहे. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे जाहीर केले.

त्यावर दुकानात रोज येऊन बसणारे एक गृहस्थ म्हणाले, "काही असल्याशिवाय बँक खुलासा कशाला करील?" बँक गप्प राहिली असती, तर त्यांना ते मौनही पुरेसे झाले असते. सव्वा वर्षापूर्वी दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असल्याची आवई उठली, तेव्हा याच गृहस्थांनी नोट उजेडात धरून पाहिली होती. चिप दिसली नाही. ती दिसू नये अशीच बसवली असणार, असा निर्णय त्यांनी दिला आणि चहा मागवला. कारस्थानाच्या कल्पनेला कोणताही पुरावा पचतो.

शेठजींच्या मुलाने बँकेचा खुलासा छापून गल्ल्यामागे चिकटवला. पुढच्या बाजाराला वृद्धा आली, तेव्हा शेठजींनी आपणहून म्हटले, "मावशी, ती नाणी द्या, घेतो."

तिने पदराची गाठ सोडली. आत दहाच्या तीन नोटा होत्या.

"आता कुठली, शेटजी? टपरीवाल्यानं तिसाला घेतली चारी."