तयार पेटी आणि आपली तयारी

तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या मनुष्यास आपण हसतो. परंतु संकटाच्या बाबतीत आपल्यांपैकी बहुतेकांची रीत त्याच मनुष्यासारखी असते. पावसाळा दरवर्षी येतो हे ठाऊक असूनही छपराची कौले आपण पहिली सर गळू लागल्यावरच पाहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे बाजारात 'आपत्कालीन पेटी' या नावाची एक वस्तू तयार मिळू लागली आहे. गतवर्षी शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आमच्या वसतिगृहास अशीच एक पेटी मोठ्या प्रेमाने भेट दिली. हिच्या साहाय्याने एक मनुष्य तीन दिवस निभावून नेऊ शकेल, असे तिच्या झाकणावर छापलेले होते. देणाऱ्याचा हेतू थोर, पेटीचा रंग तांबडाभडक आणि आतील मांडणीही नेटकी. तरीही ती फडताळावर ठेवून निश्चिंत व्हावे, असे आम्हांस वाटेना. म्हणून वरच्या वर्गांतील मुलामुलींना सोबत घेऊन आम्ही तिची रीतसर परीक्षा घेतली. त्या परीक्षेतून जे हाती आले ते येथे देत आहोत; कारण ज्या घरांतून आमची मुले येतात, त्या घरांस त्याचा काही उपयोग व्हावा अशी आमची इच्छा आहे.

परीक्षा म्हटली की आधी प्रश्नपत्रिका हवी, आणि आमची प्रश्नपत्रिका वैनगंगेने काढून ठेविलेली आहे. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बावनथडी, सूर व चुलबंद या नद्यांचे पाणी पोटात घेत आमच्या जिल्ह्यातून वाहते. तिच्या वरच्या अंगास भीमगडचे संजय सरोवर आहे, तर खालच्या अंगास पवनीजवळ तेहतीस दरवाजांचे गोसीखुर्द धरण आहे. २०२० सालच्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीमुळे संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेस महापूर आला. भंडारा शहरातील सखल वस्त्या व नदीकाठची कितीतरी गावे पाण्यात गेली. त्या वेळी जी मुले बालवर्गात होती, ती आज आमच्या हायस्कुलात शिकत आहेत. बापाच्या खांद्यावर बसून घर सोडल्याची आठवण त्यांच्यांपैकी काहींना अजून आहे. पुढे ९ जानेवारी २०२१ रोजी येथील जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा तान्ही बालके दगावली. याखेरीज रोवणीच्या दिवसांतील वीज, धानाच्या बांधावरील सर्प आणि पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारे मे महिन्याचे ऊन ही आमची नेहमीचीच. सज्जता हा विषय या जिल्ह्यात केवळ निबंधापुरता उरत नाही, तो यामुळेच.

आता पेटीकडे वळू. आत होकायंत्र होते, मासे धरावयाचा गळ होता, झाडाची फांदी कापण्यासाठी तारेची करवत होती, चकमक होती आणि दूरच्या विमानास खूण करण्यासाठी लहानसा आरसाही होता. हे सारे पाहून मुलांच्या ध्यानात एक गोष्ट आपोआप आली. ही पेटी ज्याने योजिली, त्याच्या डोळ्यांपुढे निर्जन अरण्यात वाट चुकलेला एकटा धडधाकट पुरुष उभा होता. आमच्याकडील संकटाचे रूप निराळे आहे. येथे मनुष्य वाट चुकून संकटात जात नाही. संकटच रात्रीच्या वेळी त्याच्या उंबऱ्याशी येते, आणि येते ते साऱ्या आळीवर एकदम. अशा वेळी घरात म्हातारी आजी असते, अंगावर पिणारे मूल असते, दावणीला गाभण गाय असते. नदी कोणत्या दिशेस आहे हे कळण्यासाठी भंडाऱ्याच्या मनुष्यास होकायंत्र लागत नाही!

तथापि सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. पेटीतील शिट्टी ही तिच्यातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत मोलाची वस्तू असावी. पाण्याच्या खळखळाटात हाका मारणाऱ्याचा घसा थोड्याच वेळात बसतो. शिट्टी मात्र श्वास आहे तोवर वाजते. हाताने फिरवून पेटणारी बॅटरीही आम्हांस आवडली, कारण तिला सेल लागत नाहीत. चांदीच्या वर्खासारखे दिसणारे पातळ पांघरूण पाहून मुले प्रथम हसली. हे पांघरूण अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या १९६४ सालच्या संशोधनातून निघाले आहे; शरीराची उष्णता ते माघारी परतविते. आमच्या उन्हाळ्यात त्याचे काय काम, असे कोणीही म्हणेल. परंतु श्रावणातील पावसात रात्रभर भिजलेल्या मुलासाठी त्याचे काम निश्चित आहे. आणि पूर्व विदर्भात ज्या सिकलसेल व्याधीचे रुग्ण बरेच आढळतात, त्यांच्यासाठी तर विशेषच आहे. थंडी बाजणे आणि अंगातील पाणी कमी होणे या दोन्ही गोष्टींनी त्या रुग्णांच्या वेदना उसळतात. म्हणून ते पांघरूण आम्ही ठेविले, इतकेच नव्हे तर आणखी चार आणविले.

पाण्याच्या परीक्षेत पेटी निम्म्याच गुणांनी उत्तीर्ण झाली. पुरात चोहोंकडे पाणी असते, परंतु पिण्यास घोटभर मिळत नाही. पेटीत पाणी गाळण्याची एक नळी होती. तिच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून रोगजंतू अडतात हे खरे. परंतु जंतूंहूनही लहान असे विषाणू आणि शेतातून वाहून आलेली खते व औषधे तीतून आरपार जातात. शिवाय गढूळ पाण्याने ती लवकरच तुंबते. यावर आमच्या आयांना ठाऊक असलेला उपायच पहिला ठरला : तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, मग चौपदरी धडक्यातून गाळावे आणि चांगली उकळी येऊन मिनिटभर तरी खळखळू द्यावे. चूल पेटण्याजोगी नसेल, तर निवळलेल्या पाण्यात क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. मात्र खते-औषधांचे विष उकळूनही जात नाही. म्हणून सर्वांत उत्तम उपाय म्हणजे पुराची वर्दी येताच घरातील गुंड, कळश्या आणि झाकणाचे कॅन स्वच्छ पाण्याने भरून उंच जागी ठेवणे. माणशी दररोज तीन लिटर एवढे पाणी पिण्यासाठी धरावे.

औषधांच्या कप्प्यात तर आम्हांस दोन गोष्टी काढूनच टाकाव्या लागल्या. सर्पदंशासाठी म्हणून एक पाते, विष ओढण्याची पिचकारी आणि आवळून बांधण्याचा पट्टा दिलेला होता. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, वरती करकचून बांधू नये, असे आजचे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते. कारण त्याने विष थांबत नाही, अवयव मात्र जाण्याचा संभव असतो. दंश झालेला हात वा पाय बांबूच्या कामट्यांनी हलणार नाही असा ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये, धीर द्यावा आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालणारी लस तेथेच मिळते. तेव्हा पात्याच्या जागी आम्ही कामट्या आणि लांब पट्ट्या ठेविल्या. ॲस्पिरीनच्या गोळ्याही काढल्या. पुरानंतर डास वाढून डेंग्यूची साथ येते आणि त्या तापात या गोळीने रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटॅमॉल बरे.

काढलेल्या वस्तूंच्या जागी घातलेल्या वस्तूंत पहिला मान आम्ही मीठ-साखरेच्या पुड्यांना दिला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडल्यामुळे रुग्णांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पाजविले, आणि शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्याही खाली आले. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक मुलास पाठ असावे.

मुलींनी एक उणीव दाखविली, ती पुरुषांच्या ध्यानात सहसा येत नाही : मासिक पाळीसाठी लागणारी वस्त्रे पेटीत मुळीच नव्हती. ती आता आहेत. परदेशी पद्धतीच्या घट्ट वड्यांऐवजी पोहे, फुटाणे आणि गूळ हवाबंद डब्यांत ठेविले. हे आमच्याच मातीचे अन्न न शिजवता खाता येते आणि आजीच्याही गळ्याखाली उतरते. नित्याची औषधे घेणाऱ्यांच्या आठवड्याभराच्या गोळ्या, एक मजबूत दोर आणि ताडपत्री यांचीही भर घातली. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पासबुक व सातबाराचा उतारा यांच्या नकला प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून प्रत्येकाने आपल्या घरच्या पेटीत ठेवाव्या. कारण पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी तलाठी येतात, तेव्हा भिजून लगदा झालेला कागद काहीच बोलत नाही.

आणखी एक शत्रू पेटीच्या आतच असतो, तो म्हणजे काळ. पत्र्याच्या खोलीत मे महिना काढला, की चिकटपट्टीचा गोंद वितळतो, सेल फुगतात आणि औषधांचा गुण ओसरतो. म्हणून आमची पेटी थंड, उंच व कुलूप नसलेल्या जागी ठेविली असून वर्षातून दोनदा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आणि दिवाळीच्या सुटीनंतर, तिच्यातील प्रत्येक वस्तू यादीशी ताडून पाहण्याचे काम नववीच्या वर्गाकडे दिले आहे. झाकणाच्या आत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक ठळक लिहिले आहेत. वरच्या धरणाचे पाणी येथवर पोहोचण्यास काही तास लागतात. वर्दी ऐकून ते तास कामी लावणे, हे पेटीतील कोणत्याही वस्तूहून मोठे साधन होय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 'आपदा मित्र' योजनेखाली देशातील साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे योजिले. त्यांतही नुसती सामग्री हाती दिली जात नाही. आधी शिक्षण दिले जाते. दोराची गाठ मारता न येणाऱ्यास दोर असून नसल्यासारखाच.

शुभवर्तमानातील दहा कुमारींची कथा आमच्या मुलांस ठाऊक आहे. दिवे दहाहीजणींजवळ होते, तेल मात्र पाचजणींनीच सोबत घेतले होते. बाजारातील पेटी म्हणजे दिवा. त्यातील तेल ज्याचे त्यानेच भरावे लागते. परंतु या परीक्षेच्या दिवसांत आम्हांस अधिक आठवला तो चांगला शोमरोनी. यरीहोच्या वाटेने जाताना त्याच्याजवळही एक लहानशी शिदोरी होती : थोडे तेल, थोडा द्राक्षारस, जखमेला बांधण्यापुरते कापड, स्वतःचे जनावर आणि दोन नाणी. ती त्याने स्वतःच्या प्रवासासाठी घेतली असणार. खर्ची पडली मात्र अनोळखी जखमी वाटसरूसाठी. आमच्या पेटीच्या झाकणावर 'एका मनुष्यासाठी' असे छापलेले होते. ती अक्षरे मुलांनी रंगाने झाकली आहेत आणि त्या जागी वसतिगृहातील व शेजारच्या आळीतील घरांची संख्या लिहिली आहे. पेटीत आणखी भर घालण्याजोगे पुष्कळ असेल. पण ती कोणासाठी उघडावयाची, हे आता ठरले आहे.