माग

देवणीच्या शाळेत आम्ही विज्ञान शिकवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. फळ्यावर अणूचे चित्र काढले होते : मध्ये केंद्रक, भोवती वर्तुळे, वर्तुळांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. एका मुलाने विचारले, “सर, ह्ये फिरताना कुनी बघितलंय का?” आम्ही त्यास बाकावर उभे केले. पुस्तकात आहे म्हणजे आहे, असे बजावले. वर्ग हसला. त्यानंतर त्या मुलाने वर्षभर प्रश्न विचारला नाही.

२०२३ साली पिएर अगोस्तिनी, फेरेन्स क्राउझ व ॲन लुइलिए यांस भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि आम्हांस तो मुलगा आठवला. त्याच्याच प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला होता.

उधळलेल्या गोऱ्ह्याचा फोटो काढताना कॅमेऱ्याची झडप सावकाश मिटली, तर पाय पुसट उमटतात. इलेक्ट्रॉनची चाल टिपायची तर प्रकाशाची चमक ॲटोसेकंदांत मोजावी लागते. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश. तेवढ्यात प्रकाशही जेमतेम अणूच्या आकाराएवढे अंतर कापतो. लेसरचा अवरक्त प्रकाश निष्क्रिय वायूतून नेला, की त्यातून कितीतरी पट अधिक कंप्रतेच्या लहरी निघतात, हे लुइलिए व त्यांच्या सहकाऱ्यांस १९८७ साली आढळले. या लहरी एकमेकींत मिसळून अतिसूक्ष्म चमका घडतात. २००१ साली अगोस्तिनींनी मोजलेल्या चमका २५० ॲटोसेकंदांच्या होत्या.

पहिली चमक रेणूतील इलेक्ट्रॉन उडवते. क्षणमात्र विलंबाने येणारी दुसरी, पुढे काय झाले ते विचारते. विलंब थोडाथोडा बदलून हाच प्रयोग पुनःपुन्हा करतात आणि मिळालेल्या नोंदींवरून हालचाल जुळवतात. २०१४ साली फ्रान्चेस्का कालेगारी व सहकाऱ्यांनी फेनिलॲलॅनिन या रेणूवर हे केले. इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेली पोकळी साडेचार हजार ॲटोसेकंदांहूनही कमी काळात रेणूभर हेलकावताना त्यांस आढळली. हे फेनिलॲलॅनिन आमच्या देवणी गाईच्या दुधातील प्रथिनांतही असते!

संत थॉमसने जखमा पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा प्रभूने त्यास बाकावर उभे केले नाही. हात पुढे केले. चर्चमध्ये हे शुभवर्तमान कितीदा ऐकले असेल! पण पाहू मागणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे आमच्या वर्गापर्यंत कधी पोहोचलेच नाही.

गेल्या पोळ्याला आम्ही त्याच्या घरी गेलो. आता त्याच्या दावणीला देवणी जनावरे आहेत. प्रथम त्याची क्षमा मागितली, मग हे सारे सांगितले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत तो म्हणाला, “म्हंजे सर, माग लागला म्हना की. जनावर न्हाई दिसलं.”

“खरे आहे,” आम्ही म्हणालो. मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. तसे आम्ही त्यास सांगितले.